इंटर्नशिपचे वर्ष विद्यार्थ्यांना परत द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

एमबीबीएसनंतर तज्ज्ञ डॉक्टर होण्यासाठी द्यावी लागणारी प्रवेश परीक्षा, म्हणजे नीट-पीजी, हिचा निकाल लागून कौन्सेलिंगच्या फेऱ्या सुरू झाल्या, की मराठवाड्यात ज्या घरात एमबीबीएस झालेला मुलगा किंवा मुलगी आहे त्या घरात दुसरा विषय राहत नाही. गेल्या वर्षी कोणत्या रँकला कोणती ब्रांच कुठे बंद झाली याचे तक्ते मोबाइलवर फिरत असतात, नात्यात कोणी निवासी डॉक्टर असेल तर त्याला रात्री-अपरात्री फोन जातात, आणि शेवटी पसंतीक्रमाची जी यादी संगणकावर भरली जाते ती त्या मुलाचे पुढचे सारे आयुष्य ठरवून टाकते. मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत भूलशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. पदव्युत्तर प्रवेशाची पद्धत अनेकदा बदललेली मी पाहिली. विद्यार्थी आपली शाखा कोणाच्या सांगण्यावरून निवडतात आणि निवडल्यानंतर त्या कामात रमतात की नाही, हेही जवळून पाहिले. त्यातून जे मत बनले ते आपल्या वाचकांसमोर, विशेषतः विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर, मांडावे असे वाटते. पत्र लांबले आहे, पण विषय दोन परिच्छेदांत आटोपण्याजोगा नाही.

माझे मुख्य म्हणणे असे आहे, की शाखा निवडण्याआधी शाखांची खरी ओळख व्हावी म्हणून अभ्यासक्रमात जे एक वर्ष ठेवलेले आहे, ते इंटर्नशिपचे, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटी रुग्णालयात प्रत्यक्ष काम करण्याचे, वर्ष प्रवेश परीक्षेच्या तयारीने पुरते गिळून टाकले आहे. त्यामुळे ज्या कामाचा एक दिवसही नीट अनुभव घेतलेला नाही ते काम आमची मुले जन्मभरासाठी पत्करतात, किंवा जे काम त्यांना मनापासून आवडले असते त्याच्याकडे पाठ फिरवतात. याची किंमत ती मुले तर मोजतातच, पण मराठवाड्यातले रुग्ण त्याहून अधिक मोजतात.

आधी निवड प्रत्यक्षात कशी होते ते पाहू. परीक्षेत २०० प्रश्न असतात, प्रत्येक बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक गुण वजा, एकूण गुण ८००. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि निम्म्या राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. विद्यार्थ्याला देशभरातील रँक मिळते आणि त्या रँकच्या आधारे तो महाविद्यालये व शाखा यांचा पसंतीक्रम भरतो. यात गैर काहीच नाही. जागा थोड्या आणि उमेदवार फार असताना कोणती तरी वस्तुनिष्ठ कसोटी लागणारच, आणि ओळखीपाळखीने किंवा पैशाने जागा मिळण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी. अडचण अशी झाली आहे, की जी कसोटी जागा वाटण्यासाठी होती तीच आता आवड ठरवण्यासाठी वापरली जाते. रेडिओलॉजी (एक्स-रे, सोनोग्राफी अशा प्रतिमांवरून निदान करणारी शाखा), मेडिसिन, त्वचारोग या शाखा वरच्या रँकला संपतात, म्हणून त्या ‘वरच्या’ शाखा मानल्या जातात. बालरोग, स्त्रीरोग, शल्यचिकित्सा, अस्थिरोग अशा शाखा त्यानंतर, भूलशास्त्र आणि मनोविकार बहुधा त्याच्याही खाली, आणि शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, न्यायवैद्यकशास्त्र यांचे नाव घेतले तरी घरात सुतकी कळा येते. हा क्रम कोणत्याही वैद्यकीय तत्त्वावर आधारलेला नाही. आधीच्या वर्षीच्या मुलांनी काय घेतले, एवढाच त्याला आधार, आणि त्या मुलांनीही त्यांच्या आधीच्या वर्षीचा तक्ताच पाहिलेला असतो.

चांगली रँक मिळालेल्या एखाद्या मुलीने मनोविकारशास्त्र घ्यायचे म्हटले, तर घरचे, मित्र आणि दुर्दैवाने काही शिक्षकही तिला एकच सांगतात: एवढी रँक वाया घालवू नकोस. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की त्याचा विचार केल्यावाचून राहवत नाही. रँक ही जणू हातातली रोकड आहे आणि तिच्यात जी सर्वांत महाग वस्तू येते ती घेतली नाही तर नुकसान झाले, असा हा हिशेब आहे. ती मुलगी पुढची सगळी वर्षे अंधाऱ्या खोलीत पडद्यावरच्या प्रतिमा वाचण्यात रमेल, की समोर बसलेल्या माणसाचे ऐकून घेण्यात, हा विचार त्या हिशेबात कुठेच येत नाही. मराठवाड्यातल्या मुलांवर या हिशेबाचा पगडा अधिक असावा, असे मला वाटते आणि त्याचे कारणही दिसते. केज, अहमदपूर किंवा कंधारचा मुलगा दहावीनंतर लातूरला नाहीतर नांदेडला खोली घेऊन राहतो, अकरावी-बारावीची दोन वर्षे फक्त गुणांसाठी जगतो आणि त्या गुणांवर वैद्यकीय महाविद्यालयात येतो. लातूर पॅटर्नने या भागातल्या शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, छोट्या दुकानदारांच्या मुलांना डॉक्टर केले, त्याबद्दल मला आदरच आहे. पण सोळाव्या वर्षापासून ज्याला रँक हीच एक दिशा दाखवली गेली, त्याने पंचविसाव्या वर्षी अचानक स्वतःच्या मनाला विचारून निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा करताना त्याला तशी संधी तरी मिळायला हवी.

ती संधी म्हणजे इंटर्नशिप. २०२१च्या नियमांनुसार या वर्षाची ५२ आठवड्यांत विभागणी केलेली आहे: सामुदायिक वैद्यकशास्त्र १२ आठवडे, स्त्रीरोग व प्रसूती ७, मेडिसिन ६, शल्यचिकित्सा ६, बालरोग ३, आणि मनोविकार, भूलशास्त्र, अस्थिरोग, नेत्ररोग, कान-नाक-घसा व अपघात विभाग यांना प्रत्येकी २. न्यायवैद्यक आणि त्वचारोग यांना एकेक आठवडा आणि ऐच्छिक विषयांसाठी ४ आठवडे. ज्या रेडिओलॉजीसाठी सगळे धावतात ती सक्तीच्या पोस्टिंगमध्ये नाहीच. कागदावरची ही विभागणी वाईट नाही. एखाद्या मुलाने हे वर्ष खरोखर वॉर्डात, लेबर रूममध्ये, ऑपरेशन थिएटरमध्ये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले, तर वर्षाच्या शेवटी त्याला स्वतःबद्दल पुष्कळ काही कळलेले असेल. रक्त पाहून आपले हात स्थिर राहतात की थरथरतात, रडणाऱ्या मुलाच्या आईशी बोलताना आपण वैतागतो की थांबतो, महिनोन् महिने औषध घेऊनही बरा न होणारा रुग्ण पुन्हा पुन्हा समोर आला तर आपल्याला कंटाळा येतो का, रात्री तीनला उठवले तर आपली विचारशक्ती शाबूत असते का, या प्रश्नांची उत्तरे कुठल्याही पुस्तकात मिळत नाहीत.

प्रत्यक्षात काय होते? नीट-पीजी साधारण इंटर्नशिप संपण्याच्या सुमारासच होते. म्हणजे तयारीचे वर्ष आणि इंटर्नशिपचे वर्ष एकच. सकाळी वॉर्डात तोंड दाखवायचे, रक्ताचे नमुने घ्यायचे, ते प्रयोगशाळेत पोचवायचे, रिपोर्ट आणायचे आणि जमेल तेवढ्या लवकर वाचनकक्ष गाठायचा. मग रात्री उशिरापर्यंत मोबाइलवरची व्याख्याने आणि सराव परीक्षा. लहान विषयांची पोस्टिंग तर ‘वाचायला मिळालेली सुट्टी’ म्हणूनच ओळखली जाते. वरिष्ठ निवासी डॉक्टर स्वतः कामाने इतके वाकलेले असतात, की इंटर्न हजर असला तर त्यांना तो शिकण्यासाठी नको असतो, नमुने पोचवण्यासाठी हवा असतो; आणि तेवढ्यासाठी थांबण्यापेक्षा वाचन बरे, असे इंटर्नला वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. दोष आम्हा अध्यापकांकडे, महाविद्यालयांच्या प्रशासनाकडे आणि परीक्षेचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांकडे जातो. शेवटी लॉगबुकवर सह्या होतात, वर्ष पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि ज्या वर्षाने त्याला शाखा दाखवायची ते वर्ष त्याच्या वाट्याला आलेलेच नसते.

माझ्या स्वतःच्या शाखेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तिच्याबद्दल मला खात्रीने बोलता येईल. भूलतज्ज्ञ म्हणजे इंजेक्शन देऊन बाजूला बसणारा डॉक्टर, अशी समजूत रुग्णांची असते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळशा इंटर्नचीही असते. शस्त्रक्रिया चालू असताना त्या माणसाचा श्वास, रक्तदाब, हृदयाची गती आणि वेदना हे सगळे ज्याच्या हाती सोपवलेले असते तो भूलतज्ज्ञ असतो, अतिदक्षता विभागातल्या व्हेंटिलेटरवरचा रुग्णही बहुतेकदा त्याच्याच देखरेखीखाली असतो, आणि शरीरक्रियाशास्त्र व औषधशास्त्र यांचा इतका तात्काळ आणि प्रत्यक्ष उपयोग दुसऱ्या कोणत्याही शाखेत होत नाही. ज्याला हे आवडते त्याला ते फार आवडते. पण ते आवडायला दोन आठवडे खरोखर थिएटरमध्ये उभे राहावे लागते, कोणीतरी हातात लॅरिंगोस्कोप (घशातून श्वासमार्ग पाहण्याचे उपकरण) द्यावा लागतो आणि चुकत असताना शेजारी उभे राहावे लागते. जे विद्यार्थी असे उभे राहिले त्यांतले काही चांगली रँक असूनही या शाखेत आले आणि आज उत्तम काम करत आहेत. त्यांना मी काही पटवून दिले नव्हते. त्यांनी काम पाहिले, एवढेच झाले होते.

आता याचा मराठवाड्याशी काय संबंध? तालुक्याच्या गावी उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात अडलेली बाळंतीण आली, स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असले, थिएटर असले, तरी भूलतज्ज्ञ नसेल तर सिझेरियन होत नाही. मग रुग्णवाहिका बोलावून तिला लातूरला, अंबाजोगाईला, नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवावे लागते. शासनाने ही उणीव ओळखूनच एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचे काही आठवड्यांचे प्रशिक्षण देण्याची योजना आणली होती. अशी तात्पुरती व्यवस्था करावी लागते याचा अर्थच असा, की पुरेसे डॉक्टर ही शाखा घेत नाहीत आणि घेणारे मोठ्या शहरांत थांबतात. पहिल्या संदर्भ सेवा केंद्रासाठी, म्हणजे सिझेरियनसारखी तातडीची सेवा जिथे मिळायला हवी त्या रुग्णालयासाठी, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ अशा तिघांची गरज असते. तिघांपैकी एक नसला की उरलेल्या दोघांचे ज्ञानही अर्धे निरुपयोगी होते. संगणकावर पसंतीक्रम भरणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसते, कारण त्याला असे रुग्णालय कोणी दाखवलेलेच नसते.

मनोविकारशास्त्राचे तर मला फार वाईट वाटते. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात आम्ही वर्षानुवर्षे वाचतो. राज्य शासनाने या भागातील शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, २०१७ मध्ये मानसिक आरोग्याचा नवा कायदा आला. पण राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. जालन्यासाठी अशा रुग्णालयाला मंजुरी मिळाली ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु इमारत उभी राहिली तरी तिच्यात बसणारे मनोविकारतज्ज्ञ कुठून येणार? ते याच भागातल्या महाविद्यालयांतून, याच भागातली भाषा बोलणाऱ्या मुलांमधून यावे लागतील. ‘काळजात धडधडतं’, ‘डोक्यात मुंग्या येतात’, ‘जीव कशातच लागंना’ असे सांगणाऱ्या माणसाला नेमके काय होते आहे ते समजायला त्याच्याच बाजूचा डॉक्टर लागतो. इंटर्नशिपमध्ये या विषयाला दोन आठवडे आहेत, आणि ते बहुधा वाचनकक्षात जातात.

निवडीवर दबाव टाकणाऱ्या दुसऱ्या गोष्टीही आहेत. त्यांत मुलींवरचा दबाव मला सर्वांत जाचक वाटतो. वैद्यकीय वर्गांत आता मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला येते आहे, पण शाखेचा विषय निघाला की त्यांच्यापुढे दोन-तीनच दारे उघडी असतात: स्त्रीरोग, त्वचारोग, नाहीतर पॅथॉलॉजी. शल्यचिकित्सा किंवा अस्थिरोग घेतो म्हणणाऱ्या मुलीला लग्न कसे जमेल, मुले कोण सांभाळील, रात्री कोण उठेल, असे प्रश्न विचारले जातात, आणि हेच प्रश्न तिच्या वर्गातल्या मुलाला कोणी विचारत नाही. उलट स्त्रीरोगात रस असलेल्या मुलाला ‘खेड्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे येणार नाहीत’ असे सांगून परावृत्त केले जाते. आमच्या भागात तर लग्नेही शाखा पाहून जुळतात: स्त्रीरोगतज्ज्ञाला बालरोगतज्ज्ञ किंवा भूलतज्ज्ञ जोडीदार हवा, कारण दोघांना मिळून एक दवाखाना चालवता येतो. या व्यवहाराला मी नावे ठेवत नाही, अशा जोडप्यांनी तालुक्याच्या गावांत फार मोठी सेवा दिली आहे. पण दवाखान्याच्या गरजेनुसार मुलाची किंवा सुनेची शाखा ठरू लागली, की त्या माणसाचा कल कोणी विचारत नाही. वडिलांचे अस्थिरोगाचे रुग्णालय आहे म्हणून अस्थिरोगच घ्यायचा, असा निरोप घेऊन महाविद्यालयात आलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींना दुसऱ्याच विषयाच्या वॉर्डात खुललेलेही पाहिले आहे.

भीतीचा भागही दुर्लक्षून चालणार नाही. रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांनी डॉक्टरांना मारहाण केल्याच्या घटना सगळीकडे होतात, २०१० मध्ये राज्याने त्याविरुद्ध कायदा केला, तरी अपघात विभागात रात्रपाळी करणाऱ्या निवासी डॉक्टरच्या मनातली धास्ती गेलेली नाही. इंटर्न हे पाहतो आणि जिथे रात्र नाही, जिथे मृत्यू समोर येत नाही, अशी शाखा शोधू लागतो. रेडिओलॉजी आणि त्वचारोग यांच्याकडे वळणाऱ्या ओढ्यात या भीतीचा वाटा मोठा आहे, असे मला निश्चित वाटते. या दोन्ही शाखा अत्यंत आवश्यक आहेत, आणि त्यांत मनापासून जाणाऱ्याचे मी स्वागतच करीन. पण गर्भाचे लिंग दाखवू शकणारे सोनोग्राफी यंत्र हाती असलेल्या डॉक्टरवर आपल्या भागात किती मोठी जबाबदारी असते, हे ज्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली भरल्या त्या बीड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. केवळ रात्रीची झोप मिळावी म्हणून एखादी शाखा घेणाऱ्याने ही जबाबदारीही आधी समजून घेतलेली बरी.

त्याच बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि २०१९ मध्ये राज्य शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या प्रकरणाची कारणे अनेक आहेत: फडावरची अमानुष मजुरी, खाड्याचा दंड, पाण्याची आणि स्वच्छतेची वानवा, आरोग्यसेवेचा अभाव. त्याचा सगळा भार विद्यार्थ्यांच्या शाखानिवडीवर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही मला असे वाटते, की स्त्रीरोग घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक इंटर्नने गेवराई, वडवणी किंवा धारूरच्या एखाद्या गावात, कामगार फडावरून परततात त्या दिवसांत, त्या बायकांशी एकदा बोलावे. मग ही शाखा आपल्याला कोणासाठी हवी आहे, हे त्याला अधिक स्पष्ट कळेल.

रुग्ण पाहून दिशा ठरते याचे एक मोठे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचवाच्या दंशाने लहान मुले आणि धडधाकट माणसे डोळ्यांदेखत दगावताना त्यांनी पाहिली. त्या अनुभवातून त्यांनी विंचूदंशाचा अभ्यास केला, त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात ते काम मांडले, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोणत्याही तक्त्यात विंचूदंश ही शाखा नव्हती. समोर आलेल्या रुग्णांनी ती तयार केली. धाराशिव जिल्ह्यातील अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या माध्यमातून गावोगावच्या बायकांना आरोग्यशिक्षण देऊन जे काम उभे केले, त्याचेही मूळ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या चळवळीत होते. असे काम प्रत्येकाने करावे असे मी म्हणत नाही. आपल्या वर्गात असे कोणी असेल तर त्याला ते ओळखण्याइतका मोकळा वेळ मिळावा, एवढेच म्हणतो.

शरीररचना, जीवरसायन अशा मूलभूत विषयांची उपेक्षा हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. तरी एवढे नोंदवतो, की २०२१च्या नीट-पीजीनंतर देशभरात १,४५६ पदव्युत्तर जागा रिकाम्या राहिल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तर २०२३ मध्ये जागा भरण्यासाठी पात्रतेची मर्यादा शून्य पर्सेंटाइलपर्यंत, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येकजण पात्र ठरेल इतकी, खाली आणावी लागली. रिकाम्या राहणाऱ्या जागांत हेच शिकवण्याचे विषय मोठ्या संख्येने असतात. धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथे नवी शासकीय महाविद्यालये निघाली, त्याचा आनंद ज्या भागाने ७०:३० चे सूत्र (७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के उरलेल्या राज्याला) रद्द होण्यासाठी २०२० पर्यंत वाट पाहिली त्या भागाला किती झाला असेल, ते सांगायला नको. पण या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवणारे चांगले अध्यापक हवे असतील, तर आज हे विषय आवडणाऱ्या मुलांची चेष्टा थांबली पाहिजे.

आता उपायांविषयी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यात ‘नेक्स्ट’ या देशभरच्या सामाईक परीक्षेची (एमबीबीएसची अंतिम परीक्षा आणि पदव्युत्तर प्रवेश या दोन्हींसाठी एकच) तरतूद आहे आणि तिच्या दुसऱ्या टप्प्यात इंटर्नशिपनंतरची प्रात्यक्षिक कसोटी कल्पिलेली आहे. ती परीक्षा पुढे ढकलली गेली. ती येवो अथवा न येवो, प्रवेश परीक्षा इंटर्नशिप संपल्यानंतर निदान तीन-चार महिन्यांनी, दर वर्षी ठरलेल्या तारखेला घेतली, तर तयारीसाठी स्वतंत्र काळ मिळेल आणि वॉर्डातून पळण्याचे कारण राहणार नाही. यामुळे काही महिने लांबतील हे खरे, पण आज असंख्य मुले एका परीक्षेनंतर दुसऱ्या परीक्षेसाठी ‘ड्रॉप’ घेऊन वर्षेच घालवत आहेत.

दुसरी गोष्ट जिल्हा रुग्णालयांची. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करण्याची जी योजना २०२१च्या तुकडीपासून लागू झाली ती उत्तम आहे, मात्र ती शाखा मिळाल्यानंतर येते. तेच पाऊल शाखा निवडण्याआधी टाकले पाहिजे. इंटर्नशिपमधल्या सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या १२ आठवड्यांतले काही आठवडे आणि ऐच्छिक विषयांचे आठवडे उदगीर, सेलू, वसमत, परळी, भोकरदन अशा ठिकाणच्या रुग्णालयांत, तिथल्या तज्ज्ञांच्या हाताखाली घालवता येतील. आज बारा आठवडे आहेत, पण ते कसे जातात हे इंटर्नला विचारा. एमबीबीएसनंतर शासकीय रुग्णालयांत करायच्या बंधपत्रित सेवेचे एक वर्ष, जे टाळण्यासाठी काहीजण दहा लाखांचा दंडही भरत आले आहेत, तेही निवडीच्या दृष्टीने अमोल ठरू शकेल; ज्याने ते मनापासून केले त्याला पुढील प्रवेशात काही वजन द्यावे. सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी पदव्युत्तर जागा राखण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केलाच आहे. त्या वाटेने आलेले विद्यार्थी मी शिकवले आहेत. आपल्याला काय हवे आहे ते त्यांना ठाऊक असते, आणि ते शिकवणाऱ्यालाही जाणवते.

दिल्लीची किंवा मुंबईची वाट न पाहता आमची महाविद्यालयेही पुष्कळ काही करू शकतील. ग्रामीण भागातले आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ज्याचा अभिमानाने उल्लेख होतो ते स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे महाविद्यालय अंबाजोगाईत आहे. त्याने यात पुढाकार घेतला तर फार शोभेल. प्रत्येक इंटर्नला एक अध्यापक नेमून द्यावा आणि त्या दोघांनी वर्षात चार-पाच वेळा निवांत बसून केवळ शाखेविषयी बोलावे. तालुक्याच्या गावी काम करणारे तज्ज्ञ, पुरुष आणि स्त्रिया दोघेही, बोलावून त्यांच्याकडून त्यांचा दिवस कसा जातो, किती रात्री उठावे लागते, कर्ज किती वर्षे फेडले, मुलांच्या शाळेचे काय केले, कोणत्या गोष्टीचे समाधान मिळते, हे सगळे न लपवता ऐकावे. मिळकतीविषयी बोलायला संकोच करू नये. ज्या मुलाच्या बापाने शेत गहाण टाकून त्याला शिकवले त्याला मिळकतीचा विचार करावाच लागतो, आणि खरी माहिती नसली की तो ऐकीव आकड्यांवर विश्वास ठेवतो. लहान विषयांच्या पोस्टिंगमध्ये निदान एक आठवडा इंटर्नला नमुने पोचवण्याच्या कामातून मुक्त करून पूर्ण वेळ त्या शाखेच्या डॉक्टरबरोबर राहू द्यावे. त्यासाठी कर्मचारी वाढवावे लागतील, आणि ते शासनाने वाढवावेत.

पालकांना एक विनंती आहे. निकालानंतर मुलाला ‘काय मिळतंय?’ असे विचारण्याआधी, इंटर्नशिप चालू असतानाच, ‘आज कोणता पेशंट पाहिला?’ असे विचारत जा. ज्या वॉर्डाविषयी तो आपण होऊन, भरभरून बोलतो तिकडे लक्ष ठेवा. तो बोलतच नसेल, तर त्याला वॉर्डात जायला वेळ मिळतो का, याची चौकशी महाविद्यालयाकडे करा. पालक बोलू लागले की प्रशासन ऐकते.

आणि आपल्यालाही एक विनंती. निकालाच्या दिवसांत आपण वरच्या रँकच्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि मुलाखती छापता, त्या जरूर छापा. त्याच आठवड्यात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून प्रत्येकी एका तालुक्याच्या भूलतज्ज्ञाची, बालरोगतज्ज्ञाची, मनोविकारतज्ज्ञाची किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या शरीररचनेच्या अध्यापकाची मुलाखत छापता आली, तर पसंतीक्रम भरायला बसलेल्या मुलांच्या हाती तक्त्याखेरीज आणखी काही वाचायला असेल. अशा डॉक्टरांची नावे सुचवण्यास आणि त्यांच्याशी संपर्क करून देण्यास मी तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अध्यापक,
अंबाजोगाई, जि. बीड